मुळशीतील घरे आणि करारभंगाची दाद

पुण्याहून चांदणी चौकाच्या वाटेने पश्चिमेस निघाले की भूगाव, भुकूम, पिरंगुट ही गावे एकामागून एक मागे पडतात. उत्तरेच्या अंगास हिंजवडी आणि माण यांच्या शिवारात माहिती-तंत्रज्ञानाच्या कचेऱ्यांचे नगर पसरलेले दिसते. आणि टेमघरचा घाट चढून पलीकडे उतरल्यावर मोसे नदीच्या खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी, लवासा उभे आहे. ज्या खाचरांतून आंबेमोहोर तांदूळ पिकत असे त्या खाचरांचे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत गृहप्रकल्पांत रूपांतर झाले, आणि त्यांतील बहुसंख्य घरे, त्यांची जोती उभी राहण्यापूर्वीच, कागदावरील नकाशा आणि करारातील एक तारीख यांच्या भरवशावर विकली गेली. ग्राहक आपली आयुष्याची बचत आणि पुढील वीस वर्षांच्या पगारावरील कर्ज आज देतो, आणि विकासक घर उद्या देण्याचे वचन देतो. हे वचन मोडले गेल्यास कायद्यात दाद कोठे मागावी, आणि मागितलेली दाद पदरात कितपत पडते, हा या लेखाचा विषय आहे.

प्रारंभीच माझे मत नोंदवितो. या राज्यात ग्राहकाच्या बाजूने कायद्यांचे दारिद्र्य नाही. उलट एकाच तक्रारीसाठी चार-पाच दरवाजे उघडे आहेत. ग्राहक हरतो तो बहुधा हक्काच्या अभावी हरत नाही. आपल्याला घर हवे की पैसा, याचा निश्चय करण्यात त्याची वर्षे जातात, आणि तेवढ्या अवधीत विकासकाची पत संपुष्टात येते. हे कसे घडते ते पाहण्यास मुळशी तालुक्यातील लवासा प्रकरणाहून बोलके उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीच्या समूहातील लवासा कॉर्पोरेशनने मुळशी आणि वेल्हे तालुक्यांच्या डोंगराळ भागात हे गिरिनगर वसविण्यास घेतले. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोटीस बजावून काम थांबविले आणि पुढे वर्षभराने, नोव्हेंबर २०११ मध्ये, पहिल्या टप्प्यास अटींसह मंजुरी दिली. मधल्या काळात ज्यांनी सदनिका आणि बंगले नोंदविले होते त्यांच्या ताब्याच्या तारखा उलटत गेल्या. या ग्राहकांच्या हातातील दस्तऐवज एका बाबतीत नेहमीच्या करारांहून निराळा होता: तो खरेदीचा नसून ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याचा होता. स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६, म्हणजेच ‘रेरा’, महाराष्ट्रात लागू होऊन महारेरा हे प्राधिकरण काम करू लागताच काही ग्राहकांनी विलंबाबद्दल तेथे अर्ज केले. तेव्हा कंपनीने अशी कैफियत मांडली की हा भाडेपट्टा आहे, विक्री नव्हे, आणि ज्यास घर भाड्याने दिले तो या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ‘वाटपग्राही’ ठरत नाही. प्राधिकरणाच्या अधिकाऱ्याने ही हरकत मान्य केली; अपिलात न्यायाधिकरणाने ती फेटाळली; आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले.

ऑगस्ट २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने दिलेला निर्णय ग्राहकांच्या बाजूने गेला, आणि त्यातील विचारसरणी आजही मार्गदर्शक आहे. ज्या व्यवहारात किमतीचा बहुतांश भाग अधिमूल्य म्हणून आधीच घेतला आहे, वार्षिक भाडे केवळ नाममात्र आहे, मुदत ९९९ वर्षांची आहे, आणि स्वतः विकासकाने प्रकल्पाची नोंदणी महारेराकडे केली आहे, त्या व्यवहारास भाडे म्हणणे म्हणजे दस्तऐवजाच्या मथळ्यास त्याच्या आशयाहून अधिक महत्त्व देणे होय, असा त्या निर्णयाचा मथितार्थ. कायद्याच्या व्याख्येत ‘पूर्ण मालकीने वा भाडेपट्ट्याने विकलेले’ असे शब्द असल्यामुळे दीर्घ मुदतीचा पट्टा त्याच्या कक्षेत येतो, हे न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले. मुळशीच्या खोऱ्यातून निघालेल्या या वादाने देशभरच्या दीर्घपट्टेदार ग्राहकांस एक दरवाजा उघडून दिला.

परंतु त्याच महिन्याच्या ३० तारखेस, एका व्यावसायिक धनकोच्या अर्जावरून, राष्ट्रीय कंपनी विधि न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने लवासा कॉर्पोरेशनविरुद्ध नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ अन्वये कार्यवाही दाखल करून घेतली. संहितेच्या कलम १४ प्रमाणे त्या क्षणापासून अधिस्थगन लागू झाले: कंपनीविरुद्ध नवा दावा नाही, चालू दाव्याची सुनावणी नाही, मिळालेल्या हुकूमनाम्याची बजावणी नाही. ज्यांनी उच्च न्यायालयापर्यंत झगडून अधिकारक्षेत्राचा प्रश्न जिंकला होता त्यांस, अर्जाचा निकाल लागून व्याजाची रक्कम हाती येण्यापूर्वी, बँकांच्या आणि अन्य धनकोंच्या रांगेत जाऊन आपल्या मागणीचा नमुना भरून द्यावा लागला.

त्या रांगेत ग्राहकास स्थान मिळाले हीदेखील त्याच वर्षाची कमाई. जून २०१८ च्या अध्यादेशापूर्वी घरखरेदीदार हा संहितेच्या दृष्टीने ना वित्तीय धनको होता ना व्यावसायिक. अध्यादेशाने आणि नंतरच्या दुरुस्ती अधिनियमाने त्यास वित्तीय धनकोचा दर्जा दिला, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. त्यामुळे धनको समितीत ग्राहकांचा एक प्राधिकृत प्रतिनिधी बसतो आणि मतदान करणाऱ्या ग्राहकांतील निम्म्याहून अधिक मतमूल्य ज्या बाजूस जाईल त्या बाजूस त्या साऱ्या वर्गाचे मत पडते. लवासात ८३७ घरखरेदीदारांचे सुमारे ४०९ कोटी रुपयांचे दावे मान्य झाले. सर्व धनकोंचे मान्य दावे मात्र ६,६४२ कोटींच्या घरात होते. पाच वर्षांनी, जुलै २०२३ मध्ये, डार्विन प्लॅटफॉर्म इन्फ्रास्ट्रक्चर या कंपनीची १,८१४ कोटी रुपयांची निराकरण योजना न्यायाधिकरणाने मंजूर केली. तीत घरखरेदीदारांना बांधून पूर्ण झालेली घरे देण्याचे आश्वासन होते, परंतु तेही पर्यावरण मंजुरी मिळाल्यानंतर पाच वर्षांच्या अवधीत आणि प्रत्यक्ष बांधकामखर्चाच्या हिशेबाने. योजनेची अंमलबजावणी झाली नाही, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने आपली मंजुरी मागे घेऊन कार्यवाही पुनश्च सुरू केली. २०१० च्या आसपास ज्याने पैसे भरले त्याच्या दृष्टीने हा कालखंड किती प्रदीर्घ, हे सांगण्यास विशेषणाची गरज नाही.

हे इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे की पुढे वर्णिलेला प्रत्येक मार्ग विकासक सधन आहे, या एका गृहीतावर उभा आहे.

आता मागे वळून या कायद्यांची परंपरा पाहू. १८७२ च्या कराराच्या कायद्याने करारभंगाबद्दल नुकसानभरपाईचा सामान्य हक्क दिलाच होता. परंतु मुंबईत सदनिका मालकीहक्काने विकण्याचा व्यवसाय फोफावल्यावर बांधणारे आणि घेणारे यांचे बळ इतके विषम ठरले की महाराष्ट्र राज्याने १९६३ मध्ये स्वतंत्र कायदा केला, जो ‘मोफा’ या आद्याक्षरी नावाने वकिलांपासून सोसायटीच्या चिटणिसापर्यंत सर्वांच्या तोंडी आहे. नोंदणीकृत करार केल्यावाचून किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक रक्कम घ्यावयाची नाही, ग्राहकांचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवावयाचा, मंजूर नकाशात संमतीवाचून फेरबदल करावयाचा नाही, ताबा न दिल्यास पैसा ९ टक्के व्याजाने परत करावयाचा, आणि भंग केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, इतक्या कडक तरतुदी त्यात तेव्हाच होत्या. त्यांची अंमलबजावणी करणारी यंत्रणा मात्र नव्हती. ग्राहकाने दिवाणी न्यायालयात जावे किंवा पोलिसांच्या दारात बसावे, याहून तिसरा पर्याय दोन तपे उपलब्ध नव्हता, तो १९८६ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने मिळाला. घरबांधणी ही ‘सेवा’ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये लखनौच्या विकास प्राधिकरणासंबंधीच्या निर्णयात सांगितले आणि तेव्हापासून ग्राहक मंचांचा आधार या वर्गास लाभला.

२०१६ च्या केंद्रीय अधिनियमाचे वैशिष्ट्य हे की त्याने हक्क आणि यंत्रणा यांची सांगड घातली. ज्याचा भूखंड पाचशे चौरस मीटरहून मोठा नाही किंवा ज्यातील सदनिका आठांहून अधिक नाहीत असे प्रकल्प वगळता प्रत्येक प्रकल्प नोंदविणे सक्तीचे झाले. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवून ती केवळ जमीन आणि बांधकाम यांवर खर्च करण्याचे बंधन आले. करारापूर्वी घेता येणारी रक्कम २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर उतरली. परंतु ग्राहकाने मुखोद्गत करावे असे कलम १८ आहे. ठरलेल्या तारखेस ताबा न मिळाल्यास निवड सर्वस्वी ग्राहकाची: करारातून बाहेर पडून संपूर्ण रक्कम व्याजासह परत मागावी, किंवा करारात राहून ताबा मिळेपर्यंत प्रत्येक महिन्याच्या विलंबाबद्दल व्याज मागावे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे हा दर भारतीय स्टेट बँकेच्या कर्जव्याजाच्या सर्वोच्च सीमान्त दराहून २ टक्के अधिक असतो. परताव्याचा हा हक्क बिनशर्त आहे आणि विलंबाची कारणे काहीही असली तरी तो हिरावून घेता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये, उत्तर प्रदेशातील प्रकल्पांसंबंधीच्या निर्णयात, स्पष्ट केले.

येथे कराराचा कागद उघडून ताब्याचे कलम वाचावे. त्यात एक तारीख असते आणि तिच्यामागोमाग एक लांबलचक वाक्य असते, ज्यात पोलाद-सिमेंटचा तुटवडा, शासकीय आदेश, मंजुरीस लागणारा विलंब आणि ‘विकासकाच्या नियंत्रणाबाहेरील अन्य कोणतेही कारण’ अशी सबबींची माळ गुंफलेली असते. अधिनियमाच्या कलम ६ मध्ये दैवी आपत्तीची यादी फार आखूड आहे: युद्ध, पूर, अवर्षण, आग, चक्रीवादळ, भूकंप किंवा निसर्गाने ओढवलेली तत्सम आपत्ती. कचेरीत अडकलेली मंजुरी तीत बसत नाही. नोंदणीच्या वेळी विकासकाने पूर्णतेची नवी तारीख जाहीर केली म्हणून जुन्या करारातील तारीख पुसली जाते, असा समजही मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये खोडून काढला. विलंबाची गणना मूळ करारातील तारखेपासूनच होते. करारात तारीखच नसेल तर काय? मुंबईच्या एका प्रकरणात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांचा काळ वाजवी मानला आणि ग्राहकास अनंत काळ ताटकळत ठेवता येणार नाही असे बजावले.

महारेराकडे तक्रार पाच हजार रुपये शुल्क भरून करता येते आणि वकील देणे सक्तीचे नाही. परतावा आणि व्याज यांचा आदेश प्राधिकरण स्वतः देते. मनस्ताप, भाडे, जाहिरातीतील खोटी वर्णने यांबद्दलची भरपाई न्यायनिर्णय अधिकारी ठरवितो. विकासकास अपील करावयाचे झाल्यास आदेशातील रक्कम आधी भरावी लागते, आणि ही अट मला साऱ्या अधिनियमातील सर्वांत मोलाची वाटते, कारण केवळ वेळ काढण्यासाठी होणारी अपिले तिने पुष्कळ अंशी रोखली. सामोपचाराची इच्छा असणाऱ्यांसाठी २०१८ पासून सलोखा मंचही आहे, ज्यात ग्राहक संघटनांचे प्रतिनिधी बसतात. त्यांत मुंबई ग्राहक पंचायतीचा वाटा मोठा.

आदेश मिळाला आणि विकासकाने तो पाळला नाही, की खरी परीक्षा सुरू होते. कलम ४० प्रमाणे ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करावयाची; म्हणून महारेरा वसुलीचे अधिपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठविते, तेथून ते तहसीलदाराकडे येते, आणि मुळशीच्या बाबतीत मालमत्ता तालुक्यात असल्यास तो कागद पौडच्या कचेरीत दाखल होतो. तेथे फेरफार, पंचनामे, निवडणुका, टंचाई आणि पूर यांच्या फायलींखाली त्याचा क्रम लागतो. मागणीची नोटीस, जप्ती, लिलाव हा महसूल संहितेतील क्रम प्रभावी आहे खरा, परंतु जप्त करावयाची मालमत्ता कोणती, हे तलाठ्याने शोधून काढावे अशी अपेक्षा धरून बसणारा ग्राहक निराश होतो. ज्यांनी विकासकाच्या न विकलेल्या सदनिकांचे क्रमांक, त्याच्या इतर जमिनींचे सातबारा उतारे आणि बँकखात्यांचा तपशील स्वतः जमवून अर्जासोबत जोडला, त्यांची वसुली हलते. शासनाने वसुलीसाठी स्वतंत्र आणि पुरेसा अधिकारीवर्ग नेमला पाहिजे, ही मागणी ग्राहक संघटनांनी सोडता कामा नये. तिच्यावाचून हा उत्तम कायदा अर्ध्या वाटेत थांबतो.

ग्राहक आयोगाचा मार्ग याला समांतर आहे. दोन्ही उपाय एकमेकांस मारक नाहीत आणि निवड ग्राहकाची आहे, हे नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाखाली आता दिलेल्या मोबदल्याच्या रकमेवरून अधिकारक्षेत्र ठरते: ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यावर राष्ट्रीय आयोग. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. ताबा न मिळणे ही चालू राहणारी कसूर मानली जाते हे खरे, तथापि तेवढ्यावर विसंबून बसणे शहाणपणाचे नाही. जेथे गाऱ्हाणे ताब्याहून व्यापक आहे, म्हणजे एकतर्फी अटी, निकृष्ट काम, न दिलेल्या सोयी, मानसिक त्रास, तेथे आयोगाचा दृष्टिकोन उदार असतो. ग्राहकाने एका दिवसाचा उशीर केल्यास जबर व्याज आणि विकासकाने वर्षभर उशीर केल्यास चौरस फुटामागे किरकोळ रक्कम, असल्या विषम अटी ही अनुचित व्यापारी प्रथा होय आणि त्या ग्राहकास बांधत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये म्हटले. ताबा किंवा खरेदीखत देताना ‘आमची कोणतीही तक्रार उरली नाही’ असे लिहून घेण्याची जी रीत पडली आहे तीही पुढील वर्षी, बंगळुरूच्या एका प्रकल्पासंबंधात, न्यायालयाने अमान्य केली. किल्ली घेताना दबावाखाली सही करावी लागलीच तर त्याच दिवशी हरकतीचे पत्र पाठवून ठेवावे.

दिवाणी न्यायालयाचा उल्लेख त्रोटकच पुरे. रेराच्या कक्षेतील बाबींत कलम ७९ ने दिवाणी न्यायालयाचे अधिकार काढून घेतले आहेत. उरतात ती प्रकरणे कक्षेबाहेरची: छोटा प्रकल्प, किंवा जमीनमालक आणि विकासक यांच्यातील विकसन करारनाम्याचा भंग. मुळशीतील ज्या शेतकऱ्याने जमीन देऊन मोबदल्यात सदनिका घ्यावयाच्या ठरविल्या, त्याच्यासाठी मात्र हाच मार्ग प्रमुख आहे, आणि विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमात २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे करार प्रत्यक्ष पुरा करून घेण्याची दाद आता न्यायाधीशाच्या मर्जीवर अवलंबून राहिलेली नाही. मुदत तीन वर्षांची. आणि मुखत्यारपत्र देऊन ठेवले असल्यास दावा लावण्याच्या आधी ते रद्द करण्याचा विचार करावा.

फौजदारी फिर्यादीविषयी लोकांच्या मनात अवास्तव आशा असते. केवळ करारभंग म्हणजे फसवणूक नव्हे. व्यवहाराच्या आरंभापासूनच कपट होते, उदाहरणार्थ एकच सदनिका दोघांस विकली किंवा ग्राहकांचा पैसा अन्यत्र वळविला, असे कागदांवरून दिसले पाहिजे. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेतील फसवणूक आणि विश्वासघात यांची कलमे, आणि जोडीस मोफाचे कलम १३, यांचा आधार घेता येतो. अटकेमुळे तडजोड घडते हे अनुभवास येते, पण अटकेने बांधकाम पुरे होत नाही.

मुळशीपुरती एक बाब विशेष विस्ताराने सांगितली पाहिजे, ती जमिनीच्या हक्कासंबंधी. या तालुक्यात कुळकायद्याच्या जमिनी, वतनी जमिनी, आदिवासी खातेदारांच्या जमिनी आणि वनक्षेत्र एकमेकांत मिसळलेले आहे. शंभर वर्षांपूर्वी टाटांच्या धरणाविरुद्ध ‘जान किंवा जमीन’ अशी घोषणा देत सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली येथील मावळ्यांनी सत्याग्रह केला, तरी अनेक गावे पाण्याखाली गेली, माणसे विखुरली आणि वारसांच्या नोंदी कागदावर अर्धवट राहिल्या. अशा जमिनीवर उभ्या राहिलेल्या प्रकल्पात मूळ हक्कातच दोष निघाल्यास कलम १८ च्या दुसऱ्या पोटकलमाने ग्राहकास भरपाईचा हक्क दिला आहे, आणि त्यास मुदतीच्या कायद्याची आडकाठी नाही, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. याहून नाजूक स्थिती ‘फार्महाऊस प्लॉट’ घेणाऱ्यांची. शेतजमिनीचे तुकडे पाडून, अकृषिक परवानगी नसताना, पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर नोंदणीवाचून साठेखत करून दिले जाते. घेणारा शेतकरी नसेल तर १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याचे कलम ६३ आडवे येते, आणि तुकडेबंदीचा कायदा वेगळाच. अशा ग्राहकाने सातबारावर नाव लागण्याची वाट पाहत बसू नये. नोंदणी न करता भूखंड विकणे हा रेराखाली प्रकल्पखर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत दंडास पात्र असा भंग आहे. त्याची तक्रार करावी, आणि करार निरर्थक ठरला तरी घेतलेला लाभ परत केला पाहिजे या करारकायद्याच्या कलम ६५ मधील तत्त्वावर पैसा मागावा.

ताबा मिळूनही करार अपुरा राहतो तो जमिनीच्या अभिहस्तांतरणाअभावी. विकासक टाळाटाळ करीत असल्यास सहकारी गृहनिर्माण संस्थेने जिल्हा उपनिबंधकाकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करावा. २००८ च्या मोफा दुरुस्तीने हा मार्ग दिला आहे आणि त्यासाठी विकासकाच्या सहीची गरज उरत नाही.

शेवटी सामुदायिक कृतीविषयी. दिवाळखोरीच्या अर्जासाठी २०२० च्या दुरुस्तीने त्याच प्रकल्पातील शंभर किंवा १० टक्के ग्राहक एकत्र येण्याची अट घातली. हा अर्ज वसुलीचे हत्यार म्हणून उगारण्यापूर्वी लवासाच्या ग्राहकांची वर्षे डोळ्यांपुढे आणावीत. मात्र दुसऱ्या कोणाच्या अर्जावरून कार्यवाही सुरू झालीच, तर मुदतीत मागणी दाखल करणे अपरिहार्य आहे; रेराचा आदेश हाती असला तरी ग्राहकाचा वित्तीय धनको हा दर्जा टिकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले आहे, आणि अधिस्थगन कंपनीपुरते असून प्रवर्तकांविरुद्धच्या कार्यवाहीस ते आड येत नाही, हेही २०२१ पासून स्पष्ट आहे. याउलट प्रकल्प अर्ध्यावर थांबला असून कंपनी अद्याप नादार झालेली नसेल, तर रेराच्या कलम ८ कडे वळावे. नोंदणीची मुदत संपली किंवा ती रद्द झाली की प्राधिकरण शासनाशी विचारविनिमय करून उर्वरित बांधकामाची व्यवस्था लावू शकते, आणि ते काम स्वतः करण्याचा पहिला हक्क ग्राहकांच्या संघास आहे. त्यासाठी संघ नोंदलेला हवा, न विकलेल्या सदनिकांचा आणि स्वतंत्र खात्यातील शिलकेचा हिशेब हाती हवा, उरलेल्या खर्चाचा वास्तुविशारदाचा अंदाज हवा, आणि बँकांची हरकत नसल्याचे पत्र हवे. हे चार कागद विकासक सधन असतानाच जमविणे सोपे असते. म्हणून ताब्याची तारीख उलटल्याच्या पहिल्या महिन्यातच ग्राहकांनी सभा बोलवावी आणि तिचे इतिवृत्त लिहून ठेवावे.